सात बारचं गाणं: ‘येस्टरडे’ आपल्या वाद्यांवर कसं बसवायचं

कॉलेजचं गॅदरिंग असू दे, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असू दे नाहीतर कुणाच्या साखरपुड्याची संध्याकाळ, यादीत एक तरी इंग्रजी गाणं पाहिजेच असतंय, आणि मग कुणीतरी म्हणतंय ‘येस्टरडे’ घेऊया की, सोपं आहे, दोन मिनिटांत संपतंय. संपतंय खरं दोन मिनिटांत, पण सोपं अजिबात नाही ओ. बेळगावात, खानापूर-निपाणीकडं जेवढं ऐकलंय त्यात बहुतेक वेळा गाणं ‘दुरुस्त’ केलेलं असतंय, म्हणजे सात बारचे (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा) आठ केलेले, अवघड कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) गाळलेले, शेवटी ड्रम चढवून एक पट्टी वर नेलेली, आणि मग जे उरतं ती नुसती एक गोड चाल. माझं म्हणणं एवढंच की ह्या गाण्यात विचित्र गोष्टी दोनच आहेत, बारची संख्या आणि दुसऱ्या बारमधली हार्मनी, म्हणजे तिथले कॉर्ड, त्या दोन्हींना हात लावायचा नाही आणि बाकी सगळं जितकं साधं ठेवता येईल तितकं ठेवायचं. कसं ते सांगतो. आपल्याकडं जी वाद्यं आणि जी माणसं सहज मिळतात ती धरूनच सांगतो, म्हणजे हार्मोनियम, तबला, एक गिटार, एक व्हायोलिन आणि शास्त्रीयचं थोडंफार शिकलेली एखादी गायिका.

आधी मूळ गाणं काय आहे ते बघू. बीटल्सचं गाणं, पण रेकॉर्डिंगला गायला आणि वाजवायला बीटल्सपैकी एकटा पॉल मॅकार्टनी. १४ जून १९६५ ला लंडनमध्ये त्यानं गिटार घेऊन गाणं म्हटलं आणि तीन दिवसांनी, १७ जूनला, त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं त्यावर स्ट्रिंग क्वार्टेट घातलं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. ड्रम नाही, बेस गिटार नाही. म्हणजे एक गळा, एक गिटार आणि चार तंतुवाद्यं, एवढ्यावर ते गाणं जगभर गेलं. त्यामुळं ‘आपल्याकडं फुल बँड नाही’ म्हणून कुणी मागं सरायचं कारण नाही. उलट फुल बँड असेल तर निम्म्यांना चहाला पाठवा.

पहिलं काम, नकाशा काढा

हेडफोन लावा, कागद घ्या, आणि चार-चार मात्रांचा एक बार धरून नुसते बार मोजा. सूर, शब्द, कॉर्ड काही लिहू नका. सुरुवातीला गिटारचे दोन बार, मग व्हर्स, म्हणजे कडवं, सात बार, परत व्हर्स सात, मग ब्रिज, म्हणजे कडव्यांमधला वेगळ्या चालीचा भाग, आठ, व्हर्स सात, ब्रिज आठ, व्हर्स सात, आणि शेवटी गुणगुणण्याचे दोन. बेरीज अठ्ठेचाळीस. ब्रिज सरळ चार अधिक चार आहे, तिथं कुणालाच त्रास होत नाही. मेख आहे ती व्हर्समध्ये.

सात कुठून आले ते गाऊन बघा. पहिल्या बारला तीन अक्षरी शब्द एकटाच उभा आहे. मग दोन बारची ओळ, मग दोन बारची ओळ, मग परत दोन बारची. एक, दोन, दोन, दोन. आपल्या कानाला आठाची सवय असल्यामुळं हात आपोआप आठव्या बारची वाट बघतो, पण गायक तिथं थांबत नाही, पुढचं कडवं सुरू झालेलं असतं. ऐकणाऱ्याला काही खटकत नाही, फक्त कोणीतरी जरा घाईनं दार लोटून आत आल्यासारखं वाटतं आणि गाण्यातली चुटपूट निम्मी तिथंच आहे. हा आठवा बार भरून काढला की संपलं.

अजून एक गोष्ट नकाशावर लिहून ठेवा. व्हर्स रे वर सुरू होते आणि ग वर संपते. शेवटचा स्वर सा नाहीच. म्हणून सातव्या बारला गाणं ‘टेकत’ नाही आणि पुढं ढकलत राहतं. गायिकेला सांगायचं की सुरुवातीचा रे सरळ ठेवायचा, सा चा कण लावायचा नाही, आणि शेवटचा ग धरून ठेवायचा, तिथून सा वर घरंगळायचं नाही.

पट्टी

इथं लोक घाई करतात. गायिका ‘माझी काळी चार’ किंवा ‘काळी पाच’ म्हणते आणि सगळे त्याच पट्टीत वाजवायला लागतात. पण ही चाल मंद्र ध पासून तार सा पर्यंतच फिरते, तार सा च्या वर एकदाही जात नाही. ख्याल-भजनाला जो सा सोयीचा, त्यात हे गाणं गायलं तर खालचा ध पुटपुटल्यासारखा येतो आणि वरचा सा इतका आरामात लागतो की गाण्यात ताणच राहत नाही. म्हणून नेहमीच्या सा पेक्षा एक-दोन सूर वर घ्या. मूळ गाणं एफ मध्ये आहे, म्हणजे पांढरी चार. मॅकार्टनीनं गिटारच्या सगळ्या तारा एक सूर उतरवून जी चे शेप वाजवलेत म्हणून ते एफ ऐकू येतं. काळी पाचवाल्या गायिकेला मी वरची पांढरी एक देतो, सी. गिटारवाल्यालाही सोयीचं, कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चाप) लागत नाही. त्यातूनही वर चढवायचं असेल तर पांढरी दोन, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो.

आता इथून पुढं सगळं सी धरूनच बोलतो. व्हर्सचा चार्ट असा:

१. सी
२. बी मायनर सेव्हन, ई सेव्हन
३. ए मायनर, मग तोच कॉर्ड पण बेसला जी
४. एफ, जी सेव्हन
५. सी, मग जी पण बेसला बी
६. ए मायनर सेव्हन, डी मेजर
७. एफ, सी

ब्रिज: बी मायनर सेव्हन आणि ई सेव्हन एक बार, ए मायनर-जी-एफ अशी उतरंड दुसऱ्या बारला, डी मायनर आणि जी सेव्हन तिसऱ्याला, सी चौथ्याला, आणि हेच परत एकदा.

दुसरा बार, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप

सी मध्ये गाणं आहे म्हटल्यावर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या पुरायला पाहिजेत. पण दुसऱ्याच बारला बी मायनर सेव्हन येतो, त्यात तीव्र म. लगेच ई सेव्हन, त्यात कोमल ध. म्हणजे सा नीट बसायच्या आतच गाणं उठून ए मायनरकडं निघालेलं आहे. बाजारात मिळणाऱ्या कॉर्डच्या कागदांवर बऱ्याचदा इथं पूर्ण बारभर ई सेव्हन असतो, बी मायनर गाळलेला. वाजवून बघा दोन्ही. ई सेव्हन एकटा आला की ते वळण अंगावर येतं, बी मायनरमधून आलं की हळूच सरकतं. तो गाळायचा नाही.

आता चाल बघा. ह्या बारमध्ये गायिकेला भरभर चढायचं आहे: ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, नी, तार सा. आणि मग उतरताना नी, ध, ध. शास्त्रीय शिकलेल्या माणसाला ही जागा नेमकी अडते. प नाही, दोन्ही ध एकापाठोपाठ एक, आणि तीव्र म वरून उडी थेट कोमल ध वर. ती चार वेळा म्हणेल आणि चारही वेळा मधे प लावेल नाहीतर कोमल ध ला मींड काढेल, कारण कानाला रस्ता ओळखीचा वाटत नाही.

त्यावर उपाय साधा आहे, आणि तो आपल्याच संगीतात आहे. ह्या दोन बारांपुरता सा हलवायचा. ध ला सा माना. आता तोच चढ कसा झाला बघा: प, ध, नी, सा, रे, कोमल ग. उतरताना रे, सा, सा. एकच कोमल ग, बाकी शुद्ध, म्हणजे पटदीपचेच स्वर की! पटदीपचं चलन वेगळं, आरोहात रे-ध घेत नाहीत वगैरे ते मला माहीत आहे, पण इथं राग गायचा नाहीये, कानाला घर दाखवायचं आहे. मूर्च्छनेचा रियाज केलेल्या मुलींना हे एकदा सांगितलं की पुरतंय. हार्मोनियमवर ध-ग धरून द्या, त्यावर दोन बार म्हणून घ्या, मग सूर बदलून सा-प धरा आणि चौथ्या बारपासून परत मूळ सा मध्ये या. हे जाणं-येणं जमलं की अर्धं गाणं बसलं. शब्द त्यानंतर. आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक स्वर आहे, त्यामुळं मुरकी, खटका, मींड ह्या सगळ्याला सुट्टी. एखादी हौस करायचीच असेल तर ब्रिजमध्ये, तिथं लांब स्वर आहेत.

तानपुऱ्याचं ॲप बंद. हे वेगळं सांगावं लागतं कारण सवयीनं ते चालू होतंच. प ची तार वाजत असताना कोमल ध आणि दोन्ही म आले की नुसता कलकलाट.

सहाव्या-सातव्या बारमध्येही एक छोटी गंमत आहे. डी मेजरमध्ये तीव्र म, पुढच्या एफ मध्ये शुद्ध म, त्यापुढच्या सी मध्ये ग. तीव्र म, शुद्ध म, ग, अशी अर्ध्या-अर्ध्या सुराची उतरती ओळ कॉर्डच्या आतच लपलेली आहे. बरेच गिटारवाले डी मेजरच्या जागी डी मायनर वाजवतात, ‘सी मध्ये डी मायनरच असतो’ म्हणून. मग पहिला तीव्र म गेला आणि ओळच मोडली. मी ही ओळ व्हायोलिनला उघडपणे देतो, एकेक स्वर दोन मात्रा, बारीक आवाजात.

तबल्याचं काय

गोकाककडचा तबलजी, कॅम्पमधला गिटारवाला आणि तुम्ही-आम्ही, तिघं तीन भाषांत मोजतो. एक जण ओंदू-एरडू-मूरू, दुसरा वन-टू-थ्री, तिसरा एक-दोन-तीन. तालमीच्या आधी कुठल्या भाषेत मोजायचं ते ठरवा, हे मी चेष्टेनं म्हणत नाही, सातव्या बारला जिभा वेगवेगळ्या असतील तर हातही वेगळे पडतात.

आठ मात्रांचा केरवा घ्यायचा हे नक्की, पण कुठल्या लयीत? चार मात्रांचा बार धरला आणि केरव्याच्या एकेक मात्रेला गाण्याची एकेक मात्रा दिली तर एक आवर्तन दोन बारचं होतं. सात बार म्हणजे साडेतीन आवर्तनं. पहिल्या कडव्याला सम बरोबर, दुसऱ्याच्या सुरुवातीला हात काल वर (पाचव्या, रिकाम्या मात्रेवर), आणि तबलजी आपल्याकडं बघून विचारणार, ‘सम कुठं गेली ओ?’ त्यापेक्षा केरवा दुगुणीत धरा, एका बारला एक आवर्तन. सात बार, सात आवर्तनं, प्रत्येक कडव्याला सम जाग्यावर. गाण्याची लय मिनिटाला साधारण ९६ मात्रांच्या आसपास आहे, त्यामुळं दुगुणीतही हात मोकळा राहतो. कुणी हुशारीनं म्हणेल सात आहेत तर रूपक घ्या. रूपक सात मात्रांचा, इथं सात बार आहेत आणि प्रत्येक बार चारचाच आहे, काही संबंध नाही.

दुसरा प्रश्न दायाँ (जोडीतला उजवा तबला) कशात मिळवायचा. सा मध्ये मिळवला तर दुसऱ्या बारला प्रत्येक ‘ना’ बी मायनर आणि ई सेव्हनला चावतो. प मध्ये मिळवला तर कोमल ध ला. ग मध्ये मिळवून बघा, म्हणजे पांढरी तीन. व्हर्समधल्या एकूण एक कॉर्डबरोबर ग खपतो, कुठं कॉर्डचाच स्वर म्हणून, कुठं वरचा रंग म्हणून. त्यासाठी लहान तोंडाचा, चढ्या सुराचा तबला लागेल, तो कुणाकडून तरी मागून आणा. नाही मिळाला तर दुसऱ्या बारपुरता ‘ना’ सोडा, ‘ते’ आणि बायाँवर भागवा. ढोलक, कहोन (बसून वाजवायची लाकडी पेटी) ह्यातलं काही असेल तर प्रश्नच मिटला.

कुणी काय वाजवायचं

गिटार: पूर्ण गाणं. अंगठ्यानं बेसची तार, बाकी बोटांनी कॉर्ड, झणझणीत स्ट्रमिंग नको. बेसची ओळ म्हणजे अर्धी अरेंजमेंट आहे, सी वरून बी, मग ई ला जाऊन ए, जी, एफ. हे स्वर चुकवायचे नाहीत.

हार्मोनियम: हा जरा नाजूक विषय. संगीत नाटकवाल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातला, नाट्यसंगीत इथल्या हार्मोनियमवाल्यांच्या बोटांत भिनलेलं, आणि त्या साथीची रीत म्हणजे गायकाच्या मागोमाग सावलीसारखं जायचं, श्वासाची जागा मिळाली की भरायची. इथं ते चालत नाही, कारण चाल हार्मोनियमवर आली की कॉर्ड ऐकू येत नाहीत. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकाचा सूर वाजवणारी कळ) बंद, एकच सुराचा संच उघडा, भाता हलका, आणि कॉर्डचे तीनऐवजी दोनच स्वर. दुसऱ्या बारला तीव्र म आणि ध, मग कोमल ध आणि नी. तिसऱ्याला ध आणि सा. बास. दुसऱ्या ब्रिजपासून मंद्र सप्तकात बेसची ओळ एका बोटानं दिली तरी चेलोचं काम बऱ्यापैकी होतं.

कीबोर्ड असेल तर स्ट्रिंगचा आवाज लावा, पण ऑटो रिदमच्या बटणाला हात लावू नका. त्यातली स्टाईल आठ बारांवर आपोआप फिल (ड्रमचा भरणीचा तुकडा) मारते, आणि फिल पडतो कुठं, तर पुढच्या कडव्याच्या पहिल्या शब्दावर.

व्हायोलिन: आपल्या भागात कर्नाटकी पद्धतीनं शिकलेले व्हायोलिनवाले भेटतात, वाद्य सा-प-सा-प मिळवलेलं, हातात गमक. त्यांना इंग्रजी नोटेशन देऊ नका, सा पांढरी एक धरून सरगम लिहून द्या, आणि गमक नको एवढं सांगा. मॅकार्टनीचासुद्धा हाच आग्रह होता, तंतुवाद्यांनी स्वर थरथरवू नयेत असा. चोर्ला घाटातून गोव्याचा कुणी आला तर तो मात्र स्टाफ नोटेशनच मागेल, त्याची वेगळी झेरॉक्स. कुठल्याही कागदावर बारचे आकडे घालायला विसरू नका, तालमीत ‘चौथ्या बारपासून’ म्हटलं की तिन्ही भाषांतल्या लोकांना कळलं पाहिजे.

गाणं चढवायचं कसं

मूळ रेकॉर्डिंगचाच क्रम धरा, तो फार विचार करून केलेला आहे. पहिलं कडवं फक्त गिटार. दुसऱ्याला तंतुवाद्यं आत येतात, आपल्याकडं व्हायोलिन आणि हार्मोनियम. तबला मी ब्रिजला आणतो, तिथं आठ बार सरळ असल्यामुळं बसायला सोपं. ब्रिजच्या दुसऱ्या बारवर लक्ष ठेवा, चाल ध-नी-सा वर चढते आणि त्याच वेळी बेस ध-प-म खाली उतरतो, दोघं एकमेकांपासून लांब जातात, तिथं मधे कुणीही काहीही घालू नये. दुसऱ्या ब्रिजला मूळ गाण्यात चेलो एक ब्लूजचं वळण घेतो, कोमल नी लावून. ते हार्मोनियमवर एकदाच, मोठ्यानं नाही.

शेवटच्या कडव्याला पट्टी चढवायची हौस आवरा. मूळ गाण्यात तिथं पहिलं व्हायोलिन वरच्या सप्तकात एकच स्वर धरून बसतं. आपल्या पट्टीत तो स्वर ग. तानपुरा जसा सा धरतो तसा इथं ग, आणि खाली कॉर्ड बदलतील तसा त्या एकाच ग चा रंग बदलत जातो. सी वर तो घरचा, बी मायनरवर टांगलेला, ई वर तोच मालक, एफ वर जरा दुखरा. तबला थांबवा ह्या कडव्याला. व्हायोलिनवाला दोन बारनंतर चुळबुळ करायला लागतो, त्याला सांगायचं काही करू नको, धर.

तालीम आणि हॉल

पहिल्या तालमीला वाद्यं खाली ठेवून सगळ्यांनी टाळीवर मोजायचं, ‘एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार’ करत ‘सात-दोन-तीन-चार’ आणि लगेच परत ‘एक’. गायिकेनं वरून म्हणायचं. सातवरून एकवर सगळे न अडखळता आले की मग वाद्यं. मोबाईलवर रेकॉर्ड करून तबलजीला पाठवा, तो घरी ऐकेल तेवढं बरं.

मंगल कार्यालयात कार्यक्रम असेल तर फरशी आणि उघड्या भिंतींमुळं आवाज घुमतो, तिथं हार्मोनियमचे दोन स्वरसुद्धा जास्त होतात, एकावर या. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याचा मांडव असेल आणि पाऊस लागला तर बोटांनी वाजवलेली गिटार ऐकूच येत नाही, साउंडवाल्याला आधीच सांगून गिटारला वेगळी लाईन घ्या, माईक समोर धरून भागत नाही.

कार्यक्रम जाहीर असेल तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन्स आयोजकांनी काढलंय का ते विचारून घ्या. आणि हे शब्द मराठीत करून गायचा विचार असेल तर भाषांतराला हक्कवाल्यांची परवानगी लागते, चाल तीच ठेवली म्हणून सुटका नाही.

शेवटचे दोन बार गुणगुणायचे आहेत, सहावा-सातवा बारच परत, डी मेजर आणि एफ वरून सी. लय ओढू नका, शेवटचा कॉर्ड गिटारनं एकदा छेडायचा आणि सोडायचा. आणि स्टेजवर कुणी सवयीनं आठवा बार टाकलाच तर बाकीच्यांनी खुणा करत बसायचं नाही, गिटारनं सी वर फिरत राहायचं, गायिकेचा पहिला शब्द आला की तो पहिला बार, आणि दुसऱ्या बारचा बी मायनर सगळ्यांनी मिळून गाठायचा. तिथं सगळे एकत्र आले तर मधल्या घोटाळ्याचा खाली बसलेल्यांना पत्ताही लागत नाही.